भारती स्थानक: 134 कंटेनरांचं घर कसं उतरलंय?

अंटार्क्टिकातल्या इमारतीची पारख करताना आधी एकच गोष्ट बघावी: वाऱ्याने उडून आलेला बर्फ तिच्याभोवती साठतो की निघून जातो? अंटार्क्टिकातलं आपलं पहिलं संशोधन स्थानक, दक्षिण गंगोत्री, 1983-84 मध्ये थेट बर्फावर उभं राहिलं आणि काही वर्षांतच गाडलं गेलं. म्हणून 1989 सालचं दुसरं स्थानक, मैत्री, शिर्माकर भागातल्या खडकाळ जमिनीवर आलं. 2012 पासून लार्समन टेकड्यांवर असलेलं भारती त्याच्याही पुढे गेलंय. अख्खी इमारत खांबांवर उचललेली आहे. वारा खालच्या मोकळ्या जागेत शिरला की त्याचा वेग वाढतो आणि बर्फ साठत नाही. या कसोटीला पैकीच्या पैकी गुण.

दुसरी जमेची बाजू म्हणजे बांधणी. 134 मालवाहू कंटेनर जहाजाने नेऊन रचले आणि त्यांच्यावर उष्णतारोधक धातूचं कवच चढवलं. तिथे बांधकामाला उन्हाळ्याचे जेमतेम तीन-चार महिने मिळतात, त्यामुळे जागेवरचं काम जितकं कमी तितकं बरं. शिवाय उद्या स्थानक हलवायची वेळ आली तर हे सुटं करून परत आणता येईल, आणि माझ्या मते या घराचा सगळ्यात मोठा गुण तोच. आत मुख्य इमारतीत उन्हाळ्यात 47 जणांची सोय आहे. जनरेटरची जी उष्णता एरवी वाया जाते, तिच्यावर खोल्या गरम राहतात.

पाणी मात्र नाजूक प्रकरण आहे. मैत्रीला शेजारी प्रियदर्शिनी तलाव आहे. भारतीला समुद्राचं पाणी आरओने गोडं करून घ्यावं लागतं. नळी सतत उबदार आणि पाणी सतत वाहतं ठेवावं लागतं. पंप थांबला आणि पाणी नळीत उभं राहिलं, की गोठलंच. म्हणून जादा पंप आणि हीटिंग केबल हाताशी हवीच.

खरा उणेपणा इमारतीत नाही, रसदीत आहे. मैत्री आणि भारती यांच्यात सुमारे 3000 किलोमीटर अंतर. आपलं स्वतःचं ध्रुवीय जहाज नाही. भाड्याच्या जहाजाने एकाच हंगामात दोन्हीकडे इंधन, धान्य, माणसं पोचवायची. यादीतून एखादा सुटा भाग राहिला तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. एवढं चांगलं घर बांधून त्याचा रस्ता असा परावलंबी ठेवणं मनाला पटत नाही.

पर्यावरणाचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. माद्रिद करारानुसार प्लास्टिक, बॅटऱ्या, रिकामी पिंपं परत आणायची. जाळलेल्या कचऱ्याची राखसुद्धा. पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नकळत सोबत जाणाऱ्या परक्या बियांकडे. आपल्याकडच्या माळावरचं कुसळ मोज्यात किंवा वेल्क्रोच्या काट्यांत अडकून सहज तिथवर पोचू शकतं. सामान बांधण्याआधी वेल्क्रो उघडून चिमट्याने साफ करा, खिसे उलटे करून व्हॅक्यूम फिरवा, बुटांच्या तळव्यांच्या खाचा ब्रशने घासून धुवा आणि बूट पूर्ण वाळल्यावरच पिशवीत घाला.