वेगोवी: औषध चोख, चौकशी अपुरी

वेगोवी हे सेमाग्लुटाइड या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन वजन उतरवतं, यात वाद नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी जवळपास 15 टक्के वजन घटलं. औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. इंजेक्शनचं पेनही सोपं आहे. पोट, मांडी किंवा दंडात, दर आठवड्याला ठरल्या वारी टोचायचं. सुरुवात 0.25 मिलिग्रॅमने, मग दर 4 आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि 2.4. या पायऱ्या गाळल्या की मळमळ आणि उलट्या मागे लागण्याची शक्यता वाढते.

तक्रार आहे ती औषध हातात देण्याच्या पद्धतीबद्दल. थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा स्वतःचा किंवा घरातला इतिहास असेल तर माहितीपत्रक साफ मनाई करतं, पण त्या मनाईच्या यादीत खाण्याच्या विकारांना जागा नाही. वजन घटवण्याच्याच नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या मात्र अनोरेक्सिया (वजन वाढेल या भीतीने उपाशी राहणं) किंवा बुलिमिया (बकाबका खाऊन मग मुद्दाम उलटी वगैरे करणं) असलेल्यांना देतच नाहीत, कारण ब्युप्रोपिऑनमुळे त्यांना फिट येण्याचा धोका वाढतो.

भूक मारणं हा वेगोवीचा गुण, आणि घोळही तिथेच होतो. अनोरेक्सियाकडे झुकलेल्या माणसाला एरवी उपाशी राहायला भुकेशी भांडावं लागतं; इथे भांडणच मिटतं. दोन वेळा जेवण टाळलं तरी पोट कुरकुरत नाही, काटा भराभर खाली येतो आणि आजूबाजूचे पाठ थोपटतात. वजन जास्त आहे म्हणजे अनोरेक्सिया नसणार, हा समजही चुकीचाच. अटिपिकल अनोरेक्सियात वजन नेहमीइतकं किंवा त्याहून जास्तही असतं.

बुलिमिया तर औषधाच्या आडच लपतो. उलट्या? दुष्परिणाम म्हणून खपून जातात. फरक बारकाईने पाहावा लागतो. औषधाची उलटी बहुधा डोस वाढवल्यानंतरच्या दिवसांत होते आणि तिच्याआधी मळमळ असते. प्रत्येक जेवणानंतर लगेच बाथरूमचं दार लागत असेल, बोटांच्या सांध्यांवर घट्टे असतील, कानाखाली गाल सुजल्यासारखे दिसत असतील, दातांची आतली बाजू झिजली असेल, तर दोष सुईवर ढकलू नका. अशा वेळी रक्तातलं पोटॅशियम तपासायलाच हवं. ते घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

खाण्याचे विकार हेरायला 'स्कॉफ' ही पाच प्रश्नांची चाचणी आहे. दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली की पुढची तपासणी करायची. मात्र त्यातला एक प्रश्न तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन घटलं का, असा आहे. औषध लागू पडलं की त्याचं उत्तर 'हो' येऊ शकतं, मग चाचणीला अर्थ राहत नाही. म्हणून ती पहिल्या सुईआधीच घ्यावी. वजन-उंची ग्राहकानेच टाइप करायची आणि पेन घरपोच, अशी ऑनलाइन सेवा असेल तर हे कोण विचारणार? अशा सेवेला आमच्याकडून शून्य गुण.

सुई बंद केल्यावरचा काळही जपायचा. 2021 च्या त्या मोठ्या चाचणीतल्या ज्यांचा औषध थांबल्यावर पाठपुरावा झाला, त्यांचं घटलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. भूकही परतते, आणि ज्यांना बकाबका खाण्याचे झटके येतात त्यांना ती फार जड जाते. घाबरून पुन्हा थेट 2.4 टोचू नये. मोठा खंड पडला असेल तर डॉक्टरांशी बोलून खालच्या डोसपासूनच चढायचं.