घरी तांदळाची वाइन: कोरियन नुरुक घ्यावं की चिनी गोळी?

चिकट तांदूळ रात्रभर भिजवायचा, मोदकपात्रात वाफवायचा, पूर्ण निववायचा, विरजण लावून बरणीत भरायचा. इथवर दोघांची वाट एकच. फरक विरजणात आहे, म्हणजे कोरियन नुरुक ही गव्हाची वडी आणि चिनी गोळी ही बुरशी-यीस्टची सुकवलेली छोटी गोळी, आणि तो शेवटच्या घोटापर्यंत जाणवतो. लंडनच्या आसपास राहणाऱ्यांना दोन्ही सहज मिळतात: नुरुक न्यू माल्डनच्या कोरियन दुकानांत, गोळ्या कुठल्याही मोठ्या चिनी दुकानात. ब्रिटनमध्ये घरापुरती करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे माहितीसाठीच वाचावं.

चवीचं म्हणाल तर नुरुक सरस, हे आधीच सांगून टाकतो. भरड गहू ओलसर करून, फडक्यात बांधून, पायाने तुडवून त्याची वडी घालतात. मग बुरशी, यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू तिच्यात आपसूक वाढतात. बुसानच्या ग्युमजंग डोंगरावरच्या गावात बायका आजही अशीच वडी तुडवतात. म्हणूनच नुरुकच्या मक्कोलीला, म्हणजे कोरियन गढूळ तांदळाच्या वाइनला, जो आंबूस, किंचित मातकट, पिकल्या फळांकडे झुकणारा स्वाद येतो, तो गोळीला येत नाही. कोरियात १९६५ मध्ये दारूसाठी तांदूळ वापरायलाच बंदी आली, आणि लोकांनी गव्हाच्या पिठाच्या मक्कोलीवर दिवस काढले. घरी करायची मोकळीक १९९५ मध्ये परत मिळाली. इतकं सोसून हे विरजण टिकलं याचं मला मनापासून अप्रूप आहे.

थंडीतही नुरुक जास्त सोशीक. वीस-बावीस अंशांच्या खोलीत ते आपल्या गतीने काम करत राहतं. गोळीला २८ ते ३० अंशांची ऊब लागते. इथल्या हिवाळ्यात मी बरणी बंद ओव्हनमध्ये ठेवतो आणि आतला दिवा तेवढा लावून ठेवतो. त्यावर भागतं, पण ओव्हन दोन-तीन दिवस अडकून पडतो हे खरं.

आता माझा काटा जिथे फिरला तिथे येतो, म्हणजे गाळण्याकडे.

नुरुकमध्ये गव्हाचा कोंडा असतो. एक किलो तांदळाला शंभर-दोनशे ग्रॅम नुरुक आणि लिटर-सव्वा लिटर पाणी घेतलं, की आठ-दहा दिवसांनी बरणीत फदफदीत पेज तयार होते. ती पंच्यावर ओतली की सुरुवातीला चांगली धार लागते. मग कोंडा आणि विरघळलेली शितं कापडाच्या विणीत जाऊन बसतात आणि धार थांबते. चक्का टांगून ठेवला की आपोआप निथळतो, तसं इथे होत नाही, पिळावंच लागतं. जोरात पिळलं की बारीक कोंडा कापडातून निसटून खाली येतो, हळू पिळलं तर निम्मी वाइन चोथ्यातच राहते. मनगटापर्यंत हात चिकट होतात, ओट्यावर आंबट ओघळ येतात, आणि एवढं करून बाटलीच्या तळाशी बसलेला साका ढवळून पेला भरला की दाताखाली कचकच लागते. मक्कोली ढवळूनच प्यायची असते, त्यामुळे साका टाळता येत नाही.

यावर कोरियन लोकांकडे उतारा आहे. नुरुक काही तास पाण्यात भिजवायचं, ते पाणी गाळून घ्यायचं आणि भाताला तेवढंच लावायचं. त्याने कोंड्याचा त्रास बराच कमी होतो. पण माझ्या अनुभवात नुरुकचा जोरही थोडा कमी होतो, आणि ज्या स्वादासाठी एवढा खटाटोप करायचा तो फिका पडतो. कुणाला तो फरक जाणवणारही नाही कदाचित.

गोळीचं सगळं सुटसुटीत. खलबत्त्यात कुटून तिची पूड निवलेल्या भातावर भुरभुरवायची, भात बरणीत हलक्या हाताने दाबायचा आणि मधोमध तळापर्यंत एक खळगा करायचा. दुसऱ्या दिवसापासून त्या खळग्यात गोड रस झिरपायला लागतो. वर पाणी ओतलेलं नसतं, त्यामुळे बुरशीचं काम ठीक चाललंय की नाही हे डोळ्यांना दिसतं. या टप्प्यावर चमच्याने खाल्लं तर ते जिउनियांग. चिनी घरांत ते तांदळाच्या पिठाच्या छोट्या उंड्यांबरोबर गरम करून खातात. वाइन हवी असेल तर उकळून गार केलेलं पाणी घालून आणखी दोनेक आठवडे ठेवायचं. पुढे भात तळाशी बसतो, वरची निवळ ओगराळ्याने काढता येते आणि उरलेला भात साध्या चाळणीवर हलका दाबला की पुरतं. कापड लागत नाही.

गोळीतही दोष आहेत. पुडीवरचं प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि जुनी पुडी थंड पडलेली असू शकते, म्हणून ताजीच घ्यावी. चवही थोडी एकसुरी, गोडाकडे जाणारी. पण बऱ्याच गोळ्या तांदळाच्या पिठाच्या असल्याने गहू न चालणाऱ्यांची सोय होते. फक्त लेबल वाचून घ्यावं.

ज्याला मुळात मक्कोलीच आवडते आणि पिळण्याचा कंटाळा नाही, त्याने नुरुकच घ्यावं, मी अडवणार नाही. पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात मी गोळीच देईन. अर्धा किलो तांदळापासून सुरुवात करा. बरणीचं झाकण सैल ठेवा, नाहीतर आत वायू कोंडतो. पांढरी लव दिसली तर घाबरू नका. गुलाबी, नारिंगी किंवा काळी बुरशी दिसली तर चव न घेता सगळं टाकून द्या. गाळलेल्या बाटल्याही सैल झाकणाने फ्रिजमध्ये ठेवा, कारण त्या तिथेही हळूहळू फसफसत राहतात.