रेडिमेड जिलेटिन झायमोग्राम जेल: अमिबावाल्यांनी घ्यावं का?

5 पैकी साडेतीन स्टार. जे दीड कापलेत ते सोबतच्या बफरमुळे, जेलबद्दल तक्रार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. झायमोग्राम म्हणजे जेलमध्ये जिलेटिन असतं, सँपलमधल्या प्रोटिएजनी (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) ते जिथे खाल्लं तिथे रंग लावल्यावर पांढरा पट्टा दिसतो.

घरी (म्हणजे लॅबमध्ये हो) जिलेटिन घालून जेल ओतायचं म्हणजे कधी गुठळ्या, कधी सेटच होत नाही, त्यामुळे यावेळी रेडिमेड मागवलं. जेल खरंच झकास आहे, वेल सरळ, कंगवा काढताना एकही भिंत फाटली नाही. सँपल उकळायचं नाही आणि लोडिंग डायमध्ये मरकॅप्टोइथेनॉल घालायचं नाही एवढं पाळलं की झालं, नाहीतर एन्झाइम तिथेच मेलं. रननंतर ट्रायटनमध्ये (सौम्य डिटर्जंट) धुऊन एसडीएस (प्रथिनं उलगडणारा डिटर्जंट) काढायचा, मग रात्रभर 37 डिग्रीला.

सकाळी कूमासी डाय लावला तर अकँथअमिबाच्या लेनमध्ये निळ्यावर पांढरेशुभ्र पट्टे, आणि शेजारी एन्टामिबा हिस्टोलिटिकाची (आमांश करणारा अमिबा) लेन कोरी करकरीत!! ज्याला 1903 मध्ये शाउडिनने ऊती विरघळवणारा म्हणून हे नाव दिलं तो साधं जिलेटिन खाईना? आधी वाटलं आपलंच लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) मेलं, कारण ते बर्फावर ठेवलं तरी स्वतःलाच पचवत बसतं, पण ताजं काढूनही तेच.

मग बफरच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचलं. ट्रिस, मीठ, कॅल्शियम, डीटीटीचा (रिड्यूसिंग एजंट) पत्ता नाही. म्हणजे हे किट मेटॅलोप्रोटिएजवाल्यांसाठी (धातूच्या आधारे चालणारे प्रोटिएज) बनवलंय. अकँथअमिबाचे मुख्य प्रोटिएज सेरीन जातीचे, त्यांना चाललं, पण एन्टामिबाचे सिस्टीन जातीचे, त्यांच्या सल्फरला रिड्यूसिंग एजंट लागतोच. दुसऱ्या जेलला स्वतः बनवलेला अॅसिटेट बफर आणि त्यात ताजा डीटीटी घातला, आणि काय सांगू, लेनभर खिडक्या उघडल्यासारखे पट्टे! ई-64 (सिस्टीन प्रोटिएज बंद पाडणारं रसायन) घातलेल्या लेनमध्ये सगळे गायब, म्हणजे सिस्टीनवालेच, शंकाच नको. शेजारची एन्टामिबा डिस्पारची लेन मात्र बरीच फिकी. त्या निरुपद्रवी भावंडात सीपी5 चं (सिस्टीन प्रोटिएज क्रमांक 5) चालू जीनच नाही, आणि आतड्यावरचा म्युसिनचा थर कुरतडायचं काम करणाऱ्यांत हेच सीपी5 येतं.

एक लक्षात ठेवा, कोणता पट्टा कोणत्या एन्झाइमचा ते हे जेल सांगत नाही. कल्चरमधल्या एन्टामिबाची साधारण 90% सिस्टीन प्रोटिएज अॅक्टिव्हिटी सीपी1, सीपी2 आणि सीपी5 या तिघांचीच, आणि जिलेटिन असल्यामुळे पट्टे जरा वरखाली सरकतात, त्यामुळे नुसत्या मार्करवरून (आकार मोजायची प्रथिनांची पट्टी) नाव ठेवायला जाऊ नका. आकडेच हवे असतील तर अॅझोकेसीन (रंग जोडलेलं प्रथिन, तुटलं की सुटलेला रंग मोजायचा) बरं.

जेल परत घेणार. बफरची बाटली अकँथअमिबावाल्या मैत्रिणीला देऊन टाकली, ती खूश आहे.