क्यूफील्ड: सार्वजनिक जमिनीवर अधिवास सुधारायचं काम जुळवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

सार्वजनिक जमिनीवर वन्यजीवांसाठी अधिवास पुन्हा उभा करायचं काम ज्यांनी जुळवलंय त्यांना माहितीये की तण काढणं, गवत पेरणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. जमीन एका खात्याची, ओढा दुसऱ्याकडे, वरून जाणारी विजेची लाईन तिसऱ्याची, गुरं चारायचा हक्क आसपासच्या लोकांचा, काम करणारा ठेकेदार वेगळा, मोजणी करणारे संशोधक वेगळे आणि सुट्टीच्या दिवशी येणारे स्वयंसेवक अजून वेगळे, आणि प्रत्येकाच्या हातात आपापला नकाशा. कुठल्या तुकड्यावर कोणी काय केलं, कधी केलं आणि परत कधी जायचंय एवढं एका जागी नीट राहिलं की निम्मी भांडणं आपोआप मिटतात. आम्ही त्यासाठी क्यूफील्ड नावाचं फोनवर नकाशा आणि नोंदी ठेवायचं अ‍ॅप वापरतोय, आणि मी ते मनापासून सुचवतो, पण काही अटींवर. त्या अटी पुढे येतीलच.

आधी हे आहे काय ते. क्यूजीआयएस नावाचं मोफत, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) नकाशाचं सॉफ्टवेअर आहे, गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं, आणि २००९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. क्यूफील्ड हे त्याचंच फोनवरचं भावंड, स्वित्झर्लंडच्या ओपनजीआयएस कंपनीने बनवलेलं, तेही ओपन सोर्स. दोघांचं इंजिन एकच असल्यामुळे कॉम्प्युटरवर जे रंग, जी लेबलं, जे फॉर्म तुम्ही लावता तेच फोनवर दिसतात. अँड्रॉईड, आयफोन, विंडोज सगळीकडे चालतं आणि नेटवर्क नसताना पूर्ण चालतं, जे आपल्या कामात सगळ्यात महत्त्वाचं, कारण जिथे चांगला अधिवास शिल्लक आहे तिथे बहुतेक वेळा रेंज नसतेच.

खरी ताकद फॉर्ममध्ये आहे. बाकी बऱ्याच अ‍ॅपमध्ये एक ठिपका टाका, फोटो काढा, शेरा लिहा एवढंच असतं आणि मग त्या शेऱ्यांतून कोणालाच काही शोधता येत नाही, इथे मात्र तुम्ही तुमच्या कामाच्या पद्धतीप्रमाणे फॉर्म बांधता. आमच्याकडे रचना अशी आहे की जमिनीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॉलिगॉन (नकाशावर कडा आखलेला बंद आकार) आणि त्या पॉलिगॉनला जोडलेल्या भेटींच्या नोंदी, म्हणजे तुकडा एकच आणि त्याच्याखाली वर्षानुवर्षांच्या भेटी. तुकड्यावर बोट ठेवलं की त्याचा सगळा इतिहास समोर.

घाणेरीचं, म्हणजे लँटाना या झपाट्याने पसरणाऱ्या परक्या झुडपाचं उदाहरण घ्या. ही वरून छाटली की बुडातून दुप्पट जोमाने फुटते, म्हणून जमिनीखाली साधारण ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवायचं असतं, तेही फळं धरायच्या आधी. शिवाय पक्षी फळं खाऊन मोठ्या झाडांवर बसतात, तिथे बी पडतं, आणि त्या झाडांखाली पुन्हा रोपांचं रान उठतं. म्हणजे एकदा काढली आणि झालं असं कधीच नसतं, पुढची काही वर्षं त्याच जागी परत परत जावंच लागतं. आता फॉर्ममध्ये नुसतं 'घाणेरी काढली' लिहिलं तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. आम्ही 'वरून छाटली', 'मुळातून तोडली', 'रोपं उपटली' असे पर्याय ठेवले, फळं होती का नव्हती हा वेगळा रकाना ठेवला, मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवत पेरलं का हा अजून एक, आणि पद्धत निवडली की पुढच्या भेटीची तारीख सूत्राने आपोआप भरली जाते. रकाना रिकामा सोडला तर फॉर्म सेव्हच होऊ देत नाही. ही शिस्त तोंडी सांगून कधीच लागली नसती.

तसंच बंद काळाचं. जमिनीवर घरटी करणारे पक्षी असलेल्या गवताळ तुकड्यात विणीच्या दिवसांत यंत्र नेता कामा नये, माणसांची गर्दीसुद्धा नको. प्रत्येक पॉलिगॉनला बंद काळाची सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा दिल्या आणि आजची तारीख त्यात बसत असेल तर तुकडा लाल दिसेल असा नियम लावला. ठेकेदाराच्या मुकादमाला नियमावलीचं पुस्तक वाचायची गरज उरत नाही, लाल दिसलं की तिथे पाऊल टाकायचं नाही. दाट झुडपांचे तुकडेही आम्ही टप्प्याटप्प्याने काढायचे म्हणून रंगवलेत, कारण ते झुडूप परकं असलं तरी लहान प्राण्यांना सध्या आसरा तोच आहे, सगळं एकदम साफ केलं तर पर्यायी आडोसा तयार व्हायच्या आत ते उघड्यावर पडतात. हे जे लोक एका हंगामात सगळं सपाट करून फोटो टाकतात ना, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

कुंपणाच्या कामातही फार उपयोग झाला. वन्यप्राण्यांना जाता यावं म्हणून सगळ्यात खालची तार काटेरी नको, गुळगुळीत हवी आणि जमिनीपासून निदान ४० ते ४५ सेंटिमीटर वर, म्हणजे पिल्लं आणि खालून सरकणारे प्राणी निघू शकतात, आणि सगळ्यात वरची तारही साधारण मीटरभराच्या वर नको, नाहीतर उडी मारताना पाय अडकतात. फॉर्ममध्ये दोन उंच्यांचे रकाने आहेत, मर्यादेबाहेरचा आकडा टाकला की तिथल्या तिथे इशारा येतो. मोजणारा माणूस जागेवरच उभा असतो तोवर तार खालीवर करून घेता येते, महिन्याने अहवालात कळून काय उपयोग.

फोटोचं थोडक्यात सांगतो. ठराविक खुंटीवरून ठराविक दिशेने दरवर्षी तोच फोटो, हे या अ‍ॅपमध्ये छान बसतं कारण फोटो त्या बिंदूच्या नोंदीलाच चिकटतो. फक्त फोटोची कमाल साईज आधी सेट करून ठेवा, नाहीतर सिंक व्हायला, म्हणजे फोनमधल्या नोंदी सगळ्यांच्या एका जागी जुळायला, अख्खी संध्याकाळ जाते.

सिंकबद्दल मात्र नीट समजून घ्या, इथेच बरेच जण अडकतात. केबलने फोल्डर कॉपी करूनही काम होतं, पण चारपाच गट असतील तर क्यूफील्डक्लाऊड, म्हणजे इंटरनेटवरून सगळ्या फोनच्या नोंदी जुळवणारी त्यांचीच सेवा, हवंच. फुकट खात्यात जागा मर्यादित असते, संस्थेसाठी टीम म्हणून घ्यायचं तर पैसे पडतात, आणि ज्यांच्याकडे तांत्रिक माणूस आहे त्यांना स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं कारण त्याचा कोडही खुला आहे. दोन फोन ऑफलाईन असताना दोघांनी एकच नोंद बदलली तर काय? मूळ सेटिंग असं आहे की नंतर पोचलेला बदल आधीच्यावर बसतो. ते बंद करून प्रत्येक टक्कर हाताने सोडवायचा पर्याय आहे. पण माझं म्हणणं, रचनाच अशी करा की टक्कर होऊ नये, म्हणजे जुनी नोंद कोणी बदलायचीच नाही, प्रत्येक भेटीला नवीन नोंद. आणि नोंदींना १, २, ३ असे क्रमांक न देता यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कोणाशी जुळणार नाही असा आपोआप तयार होणारा लांबलचक ओळख क्रमांक द्या, कारण दोन फोन रेंजबाहेर असताना दोघंही पुढचा तोच क्रमांक देणार आणि मग कोणाची भेट कोणत्या तुकड्याला जोडायची हा गोंधळ निस्तरता निस्तरत नाही.

जीपीएसकडून जास्त अपेक्षा ठेवू नका, हे अ‍ॅपचं नाही फोनचं आहे. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो, दाट झाडीत आणि दरीत अजून घसरतो. पॉलिगॉनच्या कडेसाठी चालतं, पण दुर्मिळ रोपाच्या एकेका बुंध्यासाठी नाही चालत. ब्लूटूथने बाहेरचा चांगला रिसीव्हर जोडता येतो, ज्यांना लागेल त्यांनी घ्या.

आता माझी सगळ्यात मोठी काळजी, घरट्यांची आणि दुर्मिळ वनस्पतींची जागा. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर, धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते, इथे तशी कुठलीही सोय गृहीत धरू नका, इथे काय लपवायचं ते तुम्हीच ठरवायचं. क्लाऊडवर भूमिका देता येतात, कोणी फक्त बघणार, कोणी फक्त नवीन नोंद टाकणार, कोणी बदलही करणार, पण एखाद्याला प्रोजेक्ट दिला की त्यातले लेयर (नकाशावरचे माहितीचे वेगवेगळे थर) त्याच्या फोनवर उतरतात. त्यामुळे गुहा, घरटी, बिळं यांचा लेयर सरळ वेगळ्या प्रोजेक्टमध्ये ठेवा आणि स्वयंसेवकांच्या प्रोजेक्टमध्ये फक्त मोठा बंद पॉलिगॉन दाखवा, आत काय आहे ते न सांगता. यात ढिलाई झाली तर आपणच शिकाऱ्याच्या हातात नकाशा दिला असं होतं.

कमतरता. फॉर्म बनवायला क्यूजीआयएस यावंच लागतं आणि ते दोन दिवसांत येत नाही, टीममध्ये एक तरी माणूस त्यात मुरलेला हवा, आणि तो सोडून गेला तर चालणार नाही म्हणून दुसराही तयार करायला हवा. ज्यांना फक्त मुलाखती किंवा प्रश्नावली भरून घ्यायच्यात त्यांना कोबोटूलबॉक्स हे प्रश्नावलीचं अ‍ॅप जास्त सोपं पडेल, तिथे एक्सेलच्या शीटमध्ये प्रश्न लिहिले की फॉर्म तयार होतो, पण आधीच काढलेल्या तुकड्यांवर वर्षानुवर्षं काम दाखवायचं असेल तर क्यूफील्डच. परवानग्यांचं वेळापत्रक, निधीचा हिशोब, कोणाला कधी फोन करायचा हे यात नाही, त्यासाठी दुसरी सोय ठेवा. आणि कोणत्या खात्याने कोणत्या तुकड्याची जबाबदारी घेतली हे आधी कागदावर सह्यांनिशी ठरलेलं नसेल तर कुठलंही अ‍ॅप ते ठरवून देणार नाही.

अजून एक गोष्ट जोडून घ्या असं आवर्जून सांगेन. सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रेस्टोरेशन या परिसंस्था सुधारणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांमध्ये, २०१९ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली, सुधारणा मोजायचं एक चक्र आहे. धोके कमी झाले का, माती-पाण्याची स्थिती, प्रजाती कोणत्या, रचना कशी, परिसंस्थेचं काम चालतंय का आणि आसपासच्या प्रदेशाशी देवाणघेवाण आहे का, अशा सहा अंगांना १ ते ५ गुण. आम्ही ते तुकड्याच्या वार्षिक भेटीच्या फॉर्ममध्येच टाकलं. त्यामुळे 'किती रोपं लावली' या एकाच आकड्यावर चालणाऱ्या बैठका बदलल्या, कारण रोपांचा आकडा मोठा आणि प्रजातींचा गुण १ वर अडकलेला असं नकाशावर सगळ्यांना एकदम दिसायला लागलं.

रकान्यांची नावं तुम्ही कुठल्याही लिपीत देऊ शकता, तर ती ऑफिसच्या भाषेत न ठेवता जागेवर काम करणारे जे शब्द बोलतात तेच ठेवा. फॉर्म बनवताना मुकादमाला, गुरं चारणाऱ्यांपैकी एखाद्याला आणि मोजणी करणाऱ्याला शेजारी बसवा. गुरं चारणाऱ्याला कुठला पाणवठा कधी आटतो हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, आमच्या फॉर्ममधला पाण्याचा रकाना अशाच एका माणसाच्या सांगण्यावरून आला. आणि ठेकेदाराशी करार करताना बिलाचा शेवटचा हप्ता दुसऱ्या वर्षीच्या भेटीच्या नोंदीला बांधा, त्याच पॉलिगॉनवर, त्याच खुंटीवरून काढलेल्या फोटोसकट.