वारज्यातलं पीयूसी सेंटर: स्लिप-ऑनवाल्या गाड्यांनी इथेच जा

माझी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० बाइक आहे, २०१९ ची, म्हणजे बीएस४ (धुराच्या नियमांचा बीएस६ च्या आधीचा टप्पा), दोन्ही बाजूला स्लिप-ऑन, म्हणजे कंपनीचा मागचा सायलेन्सर काढून बसवतात ते बाहेरचे सायलेन्सर लावलेत. घराजवळच्या एका सेंटरवाल्याने गाडी बघितल्या बघितल्या सांगितलं की सायलेन्सर मॉडिफाय आहे, शंभर वरती द्या, नळी लावायची गरजच नाही. असला कागद घेऊन काय करू? आपली गाडी हवेत काय सोडतीये ते कळायला नको का? म्हणून मित्राने सांगितलं त्या वारज्याच्या पेट्रोल पंपावरच्या सेंटरला गेलो आणि खरंच सांगतो, मन लावून केलेलं काम बघून बरं वाटलं.

तिथल्या दादांनी आधी इंजिन नीट गरम झालंय का विचारलं, मग खाली वाकून बेंड पाइप आणि सायलेन्सरच्या जॉइंटवर टॉर्च मारला. क्लॅम्पखाली काजळीची बारीक रेघ होती. म्हणाले इथून लीक आहे, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग उगाच कमी दाखवतं, आधी हे टाइट करू. स्वतःच पाना आणून केलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. प्रोब, म्हणजे धूर तपासायची नळी, ३०० मिमी तरी आत जायला हवा पण डीबी किलरमुळे (आवाज दाबायला सायलेन्सरच्या तोंडात असतो तो तुकडा) जाईना, तर त्यांच्याकडे एक्स्टेंशन पाइप होता तो घट्ट बसवला, आणि सायलेन्सर दोन म्हणून रीडिंगही दोन्हीकडून घेतलं, हे मी तरी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. बीएस४ टू-व्हीलरला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि हायड्रोकार्बनची लिमिट असते, माझं दोन्हीकडे आरामात आत आलं.

येणारच, कारण इंटरसेप्टरचा कॅट कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) पुढच्या पाइपात असतो, सायलेन्सरमध्ये नाही, त्यामुळे नुसता स्लिप-ऑन लावला तर तो जागेवरच राहतो. फुल सिस्टीम, म्हणजे पुढच्या पाइपासकट सगळा एक्झॉस्ट बदलून कॅट काढलेल्यांचं गणित वेगळं, आणि माझ्या मते तो काढूच नये, मागच्या सिग्नलला उभ्या माणसाच्या नाकात जातं ते सगळं.

अजून एक, पीयूसीत आवाज मोजतच नाहीत. हे दादांनीच आपणहून सांगितलं, की हा कागद दाखवला म्हणून सायलेन्सरसाठी मामा सोडणार नाहीत, डीबी किलर काढू नका. पुण्यात जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेत पोलिसांनी, आणि कर्कश पाइपवाल्यांमुळे ती वेळ आली असंच मला वाटतं.

पैसे ५० रुपये, सरकारी रेट, एक रुपया जास्त नाही. सर्टिफिकेट वर्षभराचं. तक्रार एकच, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लाइन पार रस्त्यापर्यंत येते आणि सावली अजिबात नाही. सकाळी जा, आणि ओटीपी येतो त्यामुळे मोबाइल सोबत ठेवा.