भुईमुगात निवड कशावर करायची: शेंगा मोजून, दाणा तोलून की उतारा बघून?

भुईमुगाच्या दोन वाणांचा क्रॉस (संकर) केलाय, एफ-टूची म्हणजे संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीची झाडं काढणीला आलीत आणि पुढच्या बियाण्यासाठी कुठल्या झाडाला टॅग बांधायचा ते ठरत नाहीये, अशा मित्रांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, एफ-टूत दाण्याच्या वजनावर निवडा, शेंगांच्या संख्येवर नको.

शेंगांची संख्या डोळ्यात भरते हे खरंय. झाड उपटलं आणि झुपक्याला चाळीस शेंगा लोंबताना दिसल्या की हात आपोआप टॅगकडे जातो. पण ते झाड उभं कुठे होतं ते बघा, बऱ्याचदा ओळीच्या टोकाला नाहीतर शेजारी तूट पडलेल्या जागी असतं, ऊन भरपूर, जागा मोकळी, माती भुसभुशीत म्हणून आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) पटापट आत गेल्या आणि शेंगा धरल्या. ही त्या जागेची करामत, पुढच्या पिढीत ती उतरत नाही. शिवाय जमीन कडक असली की उपटताना चार-पाच शेंगा मातीतच तुटून राहतात आणि मोजणी तिथेच चुकते. म्हणून या गुणात फरक भरपूर दिसतो पण पीसीव्ही (दिसणारा एकूण फरक) आणि जीसीव्ही (त्यातला जनुकांमुळे आलेला फरक) यांच्यातली दरी बऱ्याचदा मोठी असते, आणि झाडाच्या एकूण उत्पन्नाचंही तसंच.

उताऱ्याचं, म्हणजे शेंगा फोडल्यावर त्यांच्या वजनाच्या किती टक्के दाणा निघतो त्याचं, उलटं. आनुवंशिकता, म्हणजे दिसणाऱ्या फरकातला जनुकांमुळे आलेला वाटा, चांगली आली की लोक खूश होतात, पण नुसता तो आकडा बघून ठरवू नका, हिशोब करून बघा. समजा उताऱ्याची सरासरी 70 टक्के, प्रमाण विचलन (झाडाझाडांतला फरक) 3, आनुवंशिकता 0.7. वरची 5 टक्के झाडं निवडली तर 2.06 × 3 × 0.7 (2.06 हा 5 टक्के निवडीचा ठरलेला गुणक) म्हणजे फायदा साधारण 4.3, सरासरीच्या जेमतेम 6 टक्के. आता शंभर दाण्यांचं वजन घ्या, सरासरी 40 ग्रॅम, विचलन 6, आनुवंशिकता तीच 0.7, तर फायदा 8.65 ग्रॅम, म्हणजे सरासरीच्या 21 टक्क्यांच्या वर! आनुवंशिकता दोन्हीकडे सारखीच, पण उताऱ्यात मुळात फरकच कमी, मग निवडणार कशातून? म्हणून जेनेटिक अ‍ॅडव्हान्स (निवडीतून पुढच्या पिढीत मिळणारा हा फायदा) सोबत बघितल्याशिवाय निर्णय घेऊच नका.

दाण्याच्या वजनाचीही किंमत मोजावी लागते बरं का. दाणा टपोरा होत गेला की झाडाला शेंगा कमी लागतात असं बरेचदा होतं, मोठ्या दाण्याला कॅल्शियम जास्त लागतं, जिप्सम चुकलं की शेंगा पोचट, आणि पेरायला एकरी बियाणंही जास्त किलो लागतं. टीपीजी-41सारखा खाण्यासाठीचा बोल्ड वाण काढायचा असेल तर हे परवडतं, तेलासाठी करत असाल तर दाणा मध्यमच ठेवा आणि उताऱ्यावर नजर असू द्या. शेंगांची संख्या आणि उत्पन्न एफ-फाइव्हच्या म्हणजे पाचव्या पिढीच्या आसपास बघा, ओळी (एकेका निवडलेल्या झाडाची पुढची संतती) स्थिर झाल्यावर, रेप्लिकेशन टाकून (तीच ओळ अनेक वाफ्यांत पेरून), आणि दोन हंगाम तरी, कारण एकाच जागी एकाच हंगामात काढलेली आनुवंशिकता फुगलेली असते.

आणि हो, भुईमूग स्वपरागी आहे, त्यात त्याचा जनुकीय पाया अरुंद, त्यामुळे दोन्ही आईबाप सारख्याच दाण्याचे उपट्या (उभट, झुपक्याने वाढणारे) वाण असतील तर दाणा कितीही तोला, निवडायला काही सापडणार नाही. अशा वेळी पुढच्या हंगामात उपट्या आणि निमपसऱ्याचा क्रॉस घ्या, फरक तिथे मिळेल, फक्त काढणी लांबायची तयारी ठेवा.