ओशिवऱ्याचा जुना फर्निचर बाजार: लहान घरासाठी कोणती शैली घ्यावी?

घरात कोणत्या शैलीचे फर्निचर असावे हे चित्रे पाहून ठरवण्यापेक्षा जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा बाजारात प्रत्यक्ष खुर्च्यांवर बसून ठरवणे केव्हाही चांगले, कारण तिथे जुन्या घाटाचे कोरीव शिसवी सामान, १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको वळणाची कपाटे आणि सागवान-वेताच्या साध्या खुर्च्या एकाच छपराखाली पाहायला मिळतात.

कोरीव शिसवी कोच डोळ्यांत भरतो, यात शंका नाही. पण मुंबईच्या लहानशा दिवाणखान्यात तो आल्यावर माणसांनी बसायचे कुठे, हा प्रश्न उरतोच, शिवाय नक्षीत साचलेली धूळ कोण पुसणार? गोलाई दिलेले कोपरे आणि आडव्या समांतर रेषा असलेले आर्ट डेको कपाट त्या मानाने सुटसुटीत असते. मात्र त्याचा व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, दमट हवेत कडांपासून सुटू लागतो, म्हणून खालच्या कडेवरून नख फिरवून पाहावे.

माझी पसंती सागवान-वेताला आहे. स्विस वास्तुरचनाकार पिएर झानरे यांनी १९५० च्या दशकात चंदीगडसाठी घडवलेल्या, उलट्या ‘व्ही’ आकाराच्या पायांच्या खुर्च्यांच्या प्रती आता सर्रास मिळतात, आणि प्रतीचा भाव प्रतीसारखा असेल तर त्यात वावगे काही नाही. वजनाला बेताच्या, हवा खेळती ठेवणाऱ्या या खुर्च्या आपल्या उकाड्यात फार सुखाच्या वाटतात. घेताना बैठक उलटी करून पाहावी: चौकटीला ओळीने भोके पाडून वेत ओवलेला असेल तर ते हाताचे काम; खाचेत पट्टी ठोकून बसवलेली तयार जाळी असेल तर किंमत उतरवून मागावी. सैल पडलेला वेत खालच्या बाजूने ओला करून सावलीत वाळू दिला की बराचसा ताणला जातो, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगली खुर्ची नाकारू नये.

विक्रेत्यांच्या शब्दावर मात्र विसंबू नये. एका दुकानात ‘अस्सल जुने सागवान’ म्हणून दाखवलेल्या टेबलाचा खण पूर्ण बाहेर ओढला, तेव्हा तळाला नवी कोरी प्लाय निघाली. दुकानदाराने शांतपणे खण आत सरकवला आणि भाव कमी केला. बिलावर लाकडाचे नाव लिहून घ्यावे, आणि पॉलिश व टेम्पोचे भाडे किमतीत धरले आहे का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारावे.